उघडी टाळू

देशी कोंबडीनं एकदाच चोच मारली. रक्त आलं नाही, जखमही दिसली नाही. पण सिल्की जातीच्या कोंबडीचं ते पिल्लू मान पाठीवर टाकून एकाच जागी गोल गोल फिरायला लागलं. मी त्याला तळहातावर घेतलं, तर हातातही ते फिरायलाच बघत होतं.

"टाक बाजूला," आत्या म्हणाल्या. "जगत न्हाई ते. कशाला बघत बसलीस?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, पार्वतीबाई. डोक्यावरून शाल घेऊन त्या खुराड्याच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या होत्या. आमची आमू त्यांच्या मांडीत होती. आम्रपाली तिचं नाव, पण आठ महिन्यांच्या पोरीला एवढं मोठं नाव कोण घेणार?

"पर एक चोच तर मारली तिनं," आत्या म्हणाल्या. "गावठी पिलाला धा मारल्या तरी उठून पळतंय. ही कसली अवलाद आनली आनंदनं?"

"यांच्या डोक्याला वरून पुरतं हाड नसतं आत्या. मधे मऊ असतं, आणि खाली लगेच मेंदू. बघा हात लावून."

पांढरी कोंबडी पंख पसरून बाकीच्या पिल्लांवर बसली होती. तिच्या पोटाखालून मी एक काढलं, आत्यांचं बोट धरलं आणि त्याच्या डोक्यावर टेकवलं.

"आपल्या आमूच्या टाळूसारखंच," मी म्हणाले.

त्यांना पटकन कळावं म्हणून बोलले मी. आत्यांनी बोट उचललं नाही. पिल्लू चिवचिवत होतं, आमू त्यांच्या शालीचं टोक चोखत होती, आणि आत्या डोळे बारीक करून कुठंतरी दुसरीकडंच बघत होत्या.

"उडतंय की ग," त्या हळू म्हणाल्या. "टाळूच हाय ही. कवा भरती?"

"काहींची भरते. काहींची शेवटपर्यंत तशीच राहते."

त्यांनी बोट काढलं आणि लुगड्याला पुसलं. बोटाला काहीच लागलेलं नव्हतं.

फिरणारं पिल्लू दुपारच्या आत गेलं. आत्यांनीच ते शेवग्याच्या बुडाशी पुरलं. खड्डा खोल काढला, वर दगड ठेवला. एवढ्याशा जिवासाठी एवढा दगड कशाला, असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही.

यंदा जानेवारीत थंडी हलायचं नाव घेत नव्हती. अर्धापूरच्या शिवारात सकाळी धुकं बसायचं ते उन्हं वर आली तरी केळीच्या बागांतून निघायचं नाही. पानं पिवळी पडली, घड भरेनात, आणि व्यापारी माल उचलेनात. माझे मिस्टर आनंदराज केळीची गाडी चालवतात. गाडी दारात उभी होती आणि ते रोज तिची काच पुसत होते. पुसायला काच उरली नाही की खुराड्याची जाळी आवळत बसायचे.

सिल्कीची पहिली जोडी त्यांनीच आणली होती, हैदराबादच्या फेरीतून, केळीच्या खोक्यात घालून. आमूच्या वेळी मी घरात बसून होते, तुझा जीव रमेल म्हणाले. खोकं उघडलं तेव्हा आत्या किंचाळल्या होत्या. अंगावर पिसं नाहीत, नुसता कापूस. डोळ्यांवर आलेली झुलपं, पायाला पाच बोटं, आणि कापूस बाजूला सारला की खाली काळंभोर कातडं. पुढं मीच त्यांचं सगळं शिकले. यांना उडता येत नाही. पाऊस सोसत नाही, कारण त्या कापसावरून पाणी घसरत नाही, आत मुरतं. आणि खुडूक बसण्यात यांचा हात कुणी धरणार नाही. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या जागेवर बसून राहतात. मी फोटो टाकायचे, नांदेड-लातूरहून लोक विचारत यायचे. थोडंफार चालू होतं.

पण त्यावर घर चालणार नव्हतं. अशात विष्णुपुरीच्या एका शाळेत प्रयोगशाळेत जागा निघाली. बी.एस्सी. झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला 'या' म्हणालं होतं. शनिवारी येऊन काम बघून जा, सोमवारी रुजू व्हा.

आमूला कुणाकडं ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. माझी आई बिलोलीला. वडिलांची एक बाजू गेलेली, त्यांना कूस बदलायलाही तीच लागते. राहिल्या आत्या.

आत्यांचं काय वाईट होतं? बोलून तोडणाऱ्या नाहीत, माझ्या आधी उठणाऱ्या, आमूसाठी जीव टाकणाऱ्या. भीती होती ती त्यांच्या हातांची. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपं धरलेले हात, तळवे भेगाळलेले. त्या हातांनी त्या आमूला पायावर घेऊन रोज सकाळी उन्हात चोळायच्या. करडईचं तेल चुलीवर कोमट करायचं, आणि शेवटी टाळू भरायची. टाळूच्या खळग्यात तेल ओतायचं, बोटानं थोपटायचं, जिरलं की परत ओतायचं. मी समोर बसून बघायचे. तेलाचं ते एवढंसं तळं आमूच्या ठोक्याबरोबर हलायचं. मला तिथं बघवायचंही नाही आणि नजर काढताही यायची नाही.

पिल्लू मेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही.

"आत्या, टाळूवर तेल नको आता. नाकातोंडात जातं. डॉक्टर नको म्हणालेत."

"कोनता डाक्तर?"

"नांदेडचे."

"त्याची न्हवती का भरली कुनी?"

आनंदराज गाडीजवळून हसले. मी हसले नाही. ते बघून त्यांचंही हसू गेलं. "राहू दे माय," ते म्हणाले, "ती म्हनती तर राहू दे."

आत्यांनी वाटी खाली ठेवली. त्यांची बोटं तेलानं चकाकत होती. ती कुठं पुसावीत हे त्यांना सुचेना.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझी लेक."

त्यानंतर त्यांनी आमूच्या डोक्याला तेल लावलं नाही. पण सकाळी उठून तेल तापवायची हाताला सवय होती. मी आमूला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले की त्या दचकायच्या, वाटी चुलीवरून उतरवायच्या आणि तिच्यावर ताटली झाकायच्या. मग उठून खुराड्यापाशी जाऊन बसायच्या. त्यांनी शब्द पाळलाय, एवढंच मी बघितलं. वाटीचं पुढं काय होतं, ते बघितलं नाही.

शुक्रवारी शिवकांता मावशी आल्या. आमच्या मागच्या बांधाला लागून त्यांची केळीची बाग आहे. त्या बांधावरूनच बोलतात, फार तर अंगणाच्या कडेपर्यंत येतात.

"काय ग प्रिया, म्हाताऱ्या कोंबड्या इकून राहिलीस म्हन?"

"म्हाताऱ्या नाहीत मावशी, जातच पांढरी आहे."

"केस बग की तिचे! माझ्यापरीस पिकलेत." त्या पांढरीकडं वाकून बघत होत्या. "अन् आतून काळी ना? हाडं बी?"

"हाडंही."

"बया! वरून कापूस, आतून कोळसा. आमचा शिवांश लई मागं लागलाय, आजी मला केसाची कोंबडी पायजे. नातवाचा हट्ट म्हंजी काय सांगू तुला. एक जोडी ठिव माझ्यासाठी. रविवारी नेते."

"चहा टाकते, थांबा."

"आत्ताच झाला माय."

त्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो. मीही नेहमी विचारते.

जाता जाता त्या वळल्या. "सोमवारपसून विष्णुपुरीला चाललीस म्हन. अन् लेकरू?"

"आत्यांजवळ."

त्यांनी बोअरकडं बघितलं. तिथं आत्या हंडा घासत होत्या, आमूला झोळीत टाकून, झोका द्यायची दोरी पायाच्या बोटाला बांधून.

"पार्वतीजवळ," शिवकांता मावशी म्हणाल्या. "बरं हाय. लक्ष ठिव."

"म्हणजे?"

"म्हंजी लक्ष ठिव. लेकराचं. दुसरं काय?" आणि पदर खोचून त्या केळीत शिरल्या. धुक्यात लगेच दिसेनाशा झाल्या.

शनिवारी नेमकी आनंदराजांना एक फेरी मिळाली. ते पहाटेच गेले. मी आमूचं पाणी उकळून झाकलं, खिचडी मऊ शिजवली, दुपट्यांची घडी घातली आणि आत्यांना सगळं परत परत सांगितलं. मध द्यायचा नाही. धुरी द्यायची नाही. कान, नाक, डोकं, तेल कुठंच नाही.

"कळलं," आत्या म्हणाल्या. "आनंदला मीच वाढिवलाय ना?"

शाळेत मला काचेच्या नळ्या, बुरसटलेले सूक्ष्मदर्शक आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या दाखवल्या. एका बरणीत कोंबडीच्या अंड्यातला गर्भ होता, डोकं अंगापेक्षा मोठं. दाखवणाऱ्या मॅडम बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. हाताचा तळवा मात्र सारखा ओटीपोटाशी वळत होता, जणू तिथं आमूचं डोकं आहे आणि टाळू चाचपायची आहे.

घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. आमू झोळीत झोपलेली. मी आधी हात टाकला तो टाळूवर. कोरडी. नीट, वर आलेली, संथ उडणारी. दुपटं बदललेलं होतं, खिचडीचं भांडं घासून पालथं घातलेलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. आत्या कुठं दिसत नव्हत्या. त्यांना हाक मारायला म्हणून मी मागच्या दारी आले आणि तिथंच थांबले. खुराड्याकडून चिवचिव येत नव्हती.

पांढरी डाल्याखाली बसली होती, पण पांढरी नव्हती. छातीचा कापूस चिकटून दोऱ्या झाल्या होत्या आणि मधून काळं कातडं दिसत होतं. मी तिला उचललं. खाली पिल्लं होती. कापूस तेलात बुडवला की त्याची वात होते, तशी. अंग उंदरासारखं बारीक झालेलं, डोक्यावर तेल साचून डोळ्यांत उतरलेलं. काही हलत होती. काही हलत नव्हती.

आत्या जाळीला टेकून उभ्या होत्या. हातात वाटी.

"कढत न्हवतं," त्या म्हणाल्या. "कोमट होतं. हाताला लावून बघितलं मी."

मी एकेक पिल्लू उचलून बघत होते.

"थंडी किती हाय बग. टाळू उघडी अशी. वारं शिरलं असतं. जरासकच घातलं ग, पर टाळूवर टिकंना, खाली वघळायलं, म्हून आनखी घातलं."

मी डाळीचं पीठ आणलं. आमूच्या अंगाचं तेल काढायला आणते तेच. पिल्लांना पिठात घोळवलं, फडक्यानं पुसलं, तर पिठाचा लगदा झाला आणि ती आणखीच गारठली. घमेल्यात बल्ब लावून त्यांना ठेवलं. बल्बखालीही त्यांच्या अंगाला ऊब धरेना. मान वर करायची, चोच उघडायची, परत टाकायची. आनंदराज गाडी लावून आत आले तेव्हा घमेल्यात एकच धुगधुगत होतं. आत्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, चोळीत छातीशी धरलं आणि शाल लपेटून भिंतीकडं तोंड करून बसल्या. डोलत होत्या. पुटपुटत होत्या. आधी मला वाटलं, त्या त्रिशरण म्हणतायत.

"ऊठ रे सुगत," आत्या म्हणत होत्या. "ऊठ माझ्या राजा. नको ना असं करू. ऊठ."

आनंदराज उंबऱ्यातच थबकले. हातातला डबा त्यांनी खाली ठेवला, अगदी आवाज न करता.

"माय," ते म्हणाले. "माय, दे इकडं ते."

"कोण सुगत?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "माझा मोठा भाऊ. माझ्या आधीचा. लहानपनीच गेला."

लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या घरात मी हे नाव ऐकलं नव्हतं.

आत्या झोपल्या, किंवा झोपल्यासारख्या पडल्या, तेव्हा मी आनंदराजांना म्हणाले, "मी सोमवारी जात नाही."

"कोंबडीची पिल्लं होती प्रिया."

"आज पिल्लं होती."

भिंत मातीची आहे आमची, वरून उघडी. पलीकडं आत्यांच्या बाजेची दोरी कुरकुरली. मी बोलले ते पोचलं होतं. परत घ्यावंसं वाटलं नाही.

रविवारी सकाळी आत्या धुणं घेऊन ओढ्याला गेल्या, घरी बोअर असताना. शिवकांता मावशी जोडी न्यायला आल्या. रिकामं डालं बघितलं, कोपऱ्यात पिठानं माखलेली पांढरी बघितली. ती रिकाम्या गवतावर पंख पसरून बसली होती आणि हात लावला की गुरगुरत होती. काय झालं ते मी सांगितलं. मला वाटलं मावशी हसतील, गावभर करतील. त्या अंगणाच्या कडेला खाली बसल्या.

"टाळू भरायली होती ती," त्या म्हणाल्या. "तुला कुनी सांगितलं न्हाई का?"

"काय सांगायचं होतं?"

"पेरनीचे दिवस होते. मी नवी सून. रानात शिदोरी घिऊन गेल्ते. पार्वती आमच्याच वावरात कामाला, तिची सासू बी. लिंबाला झोळी बांधलेली. लेकराला दोन दिसापसून जुलाब. अन् टाळू ग, अशी खाली गेलेली, चिंचोका मावंल अशी." त्यांनी स्वतःच्या तळहाताला खळगा केला. "तिची सासू म्हनली, टाळू पडली लेकराची, उचल. पार्वती म्हनली, मला येत न्हाई. सासू म्हनली, मायचाच हात लागतो त्याला, अंगठा घाल तोंडात अन् वर दाब."

मी आमूला घट्ट धरलं होतं. ती सुटायला बघत होती.

"मग?"

"मग काय? दाबला तिनं. लेकरानं एकदा असं डोळं पांढरं केलं." शिवकांता मावशींनी बांधाकडं तोंड फिरवलं. "त्याच्या आधी मी सासऱ्याला म्हनलं होतं, मामा, गाडी जुपा, अर्धापूरच्या दवाखान्यात न्या. तर म्हनले, बैल पाभरीला हायेत, पेरनीचा वापसा जाईल. नवी सून मी. पदर तोंडात धरून हुबी राहिले."

केळीतून थेंब पडत होते. पानावरून पानावर, संथ.

"जुलाबानं गेलं का अंगठ्यानं गेलं का बैलानं गेलं, कोन सांगंल? तिनं सगळं अंगठ्यावर घेतलं. आनंद झाला तवा त्याला अंगावर पाजायला बी घ्यायची न्हाई, दुसऱ्या बायांनी धरून पाजवला. म्हनायची, वरूनच भरली असती टाळू तर खाली आली नसती. तवापसून गावात कुनाचं लेकरू दिसलं की तेल."

त्या उठल्या. जोडीचं नावही काढलं नाही. बांध चढताना त्यांचा पाय घसरला, हात टेकून त्या तशाच वर गेल्या.

आत्या दुपारी आल्या. पिळे दोरीवर टाकले, एकेक झटकून. आमू रांगत त्यांच्या पायाशी गेली आणि लुगडं धरून उभी राहायला लागली. आत्यांनी तिला उचललं नाही. हात वर धरून, भिंतीला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या, पाणी चढत आल्यासारख्या.

"बिलोलीला निऊन ठिव तिला," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ नको."

"आईकडं बाबा आहेत आत्या. ती दोघांचं कसं करणार?"

"मग तू ऱ्हा घरी."

"आणि घर?"

आमू खाली बसली, रडायला लागली. आम्ही दोघी तिच्याकडं बघत होतो. कुणीच वाकेना.

मला वाटत होतं, काहीतरी विचारावं. सुगतचं विचारावं. पण तोंडातून आलं ते असं, मास्तरणीसारखं:

"आत्या, आमूला जुलाब लागले, तर काय कराल?"

त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला आणि बरं वाटलं.

"मीठसाखरेचं पानी," त्या म्हणाल्या. "चमच्या चमच्यानं. थांबायचं न्हाई. अन् लगेच रिक्षा. कुनाच्या बैलाची वाट न्हाई बघायची."

"आणि टाळू खाली गेली तर?"

"पानीच." त्यांचा आवाज फाटला. "पानीच, बाई. नंतर कळलं. आनंदच्या वक्ताला नर्सबाई आली होती गावात. तिनं सांगितलं समद्या बायांला. मी मागं बसल्ते."

मी आमूला उचललं. ती माझ्या खांद्यावर हुंदके देत राहिली. विचार करायला मला तो सगळा दिवस होता, पण खरं तर मी विचार केलाच नाही. संध्याकाळी पांढरीला गवतावरून उठवून दाणे टाकले. चार दाणे टिपून ती परत जाऊन बसली. मग भाकरी थापता थापता मी एवढंच म्हणाले, "मी उद्या जाते आत्या. आमू तुमच्याजवळ."

चुलीच्या उजेडात त्या लाकूड सरकवत होत्या.

सोमवारी धुकं एवढं होतं की फाट्यावर उभी असलेली टमटम आवाजावरून कळत होती. आनंदराज पुन्हा गाडी घेऊन गेले होते. आत्या आमूला कडेवर घेऊन फाट्यापर्यंत आल्या. आमूला टोपी घातली होती, नाड्या हनुवटीखाली बांधलेल्या. मी टमटममध्ये मागच्या बाजूला बसले, तिचा पापा घ्यायला वाकले, आणि तेव्हा मला दिसलं.

आत्यांच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. जुन्या लुगड्याची, घट्ट, बुडापासून नखापर्यंत, वेढ्यावर वेढे देऊन. वर सुतळी आवळलेली. अंगठा वाकतही नसेल.

"अंगठ्याला काय झालं आत्या?"

"काय न्हाई. तू बस."

"कापलं का?"

"न्हाई म्हनलं ना. उशीर व्हायलाय."

टमटम हलली, आणि पुढच्या बाईच्या पिशव्या चढवायला परत थांबली. आमूचे दात येऊ घातले होते. हाताला येईल ते ती हिरड्यांत धरायची, झोळीची दोरी, शालीचं टोक, माझी हनुवटी. आत्यांचा हात तिच्या छातीवरून आडवा होता. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि चिंधीसकट अंगठा तोंडात घातला.

आत्या ताठ झाल्या. त्यांनी अंगठा ओढून घेतला नाही. तो हललाही नाही. हात जणू दुसऱ्याच कुणाचा आहे, असा त्यांनी तो तिथं राहू दिला. आमू लाळ गाळत, मान हलवत, मन लावून चावत होती. आत्यांचे ओठ हलत होते, पण आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. त्या माझ्याकडं बघत होत्या.

मी एक पाय खाली टेकवलेला होता.

"ताई," टमटमवाला मागं वळून म्हणाला, "उतरता का चलायचं?"

मी पाय वर घेतला.

"चला," मी म्हणाले.